पोटरीचं माप

चकलांब्याच्या पाटलांच्या घरी साखराबाई नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिच्या पायाआधी तिचा तोडा गावाच्या मातीला लागला.

निजामाच्या राज्यातली, फसली १३२२ म्हणजे इसवी १९१३ सालच्या वैशाखातली ही गोष्ट. वरात मारुतीच्या पाराजवळ आली होती. नवरदेव सुंदरराव घोडीवर पुढे आणि साखरा त्याच्या मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली. डाव्या पायातला चांदीचा तोडा आधी टाचेवर आला, तिथं क्षणभर थांबला आणि खाली गेला. वाजंत्री जोरात होती, त्यामुळे कुणाला काही ऐकू आलं नाही. घोडी आणखी वीस पावलं चालून गेली. मागून शेळ्या घेऊन येणाऱ्या बायनाबाई धनगरणीला तो धुळीत दिसला. तिनं तो उचलला, पदरानं पुसला आणि चार बायकांच्या देखत नवरीच्या सासूच्या, तुळजाबाईंच्या हातात ठेवला.

"पाटलीणबाई, तुमच्या सुनेच्या पायातलं पडलं," ती म्हणाली. "पाय हाय का जागेवर, ते बी बघून घ्या."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेल्याआड बसलेल्या साखरालाही हसू आलं, कारण बाई खोटं बोलत नव्हती. साखरा तेव्हा वीस वर्षांची, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं उशीर झालेली नवरी होती, आणि आपले पाय तिला वीस वर्षांपासून माहीत होते. माहेरी ती म्हणायची की देवानं आपल्याला घडवायला घेतलं तेव्हा माती कमरेपर्यंतच पुरली. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि खाली दोन तुराट्या खोचून दिल्या.

तुळजाबाई मात्र हसल्या नाहीत.

ते तोडे साधे नव्हते. दोन्ही मिळून शेरभर चांदी, अखंड ओतलेली, उघडायला फिरकी नाही. टाच दाबून आत घालायचे आणि तसेच काढायचे. घरातल्या थोरल्या सुनेला ते लग्नात मिळत. पुढे दुसरी सून यायची वेळ झाली की थोरलीनं तेच तोडे घालून घोडीवर बसायचं, मांडीवर भरलेली घागर धरायची आणि वेशीपासून घरापर्यंत नव्या सुनेच्या गाडीपुढं जायचं. वाटेतल्या घरांमधून बायका बाहेर येत आणि तिच्या पायांवर पाणी घालत. ज्या बाईच्या पायावर गावानं असं पाणी घातलं, तिचा शब्द पुढं त्या घरात आणि गावातल्या बायकांत चालायचा. हळदीला पहिला हात तिचा, ओटी भरायला पहिली ती.

वरातीच्या दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंनी दोन्ही तोडे पेटीत ठेवले, पेटीला कुलूप घातलं आणि साखराला समोर बसवलं. त्या आवाज न चढवता बोलत, म्हणून घर त्यांना जास्त भीत असे.

"पुढच्या वैशाखात मोहनचं लगीन हाय," त्या म्हणाल्या. मोहनराव म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. "रीतीपरमाणं तुला म्होरं बसावं लागल. त्या दिशी तोडे राहिले तर तुझे. पडले तर नव्या सुनेच्या पायात घालीन, आन तू तिच्या मागं चालशील. जलमभर."

एवढं बोलून त्या ताक करायला गेल्या.

साखराला वर्षभराची मुदत मिळाली होती आणि करायचं काय ते उघड दिसत होतं: पाय जाड करायचे. तोडे लहान होणार नव्हते, म्हणजे पायानंच मोठं व्हायला हवं. पाय मोठे कसे होतात हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं चकलांब्यात दुसऱ्या कुठल्या बाईला ठाऊक नसेल. तिची आई ती तीन वर्षांची असताना वारली. आष्टीच्या घरात मागे राहिले ते वडील, थोरला भाऊ आश्रुबा आणि त्याची तालीम. आश्रुबा पैलवान होता. तो बैठका काढायचा आणि साखरा भिंतीशी बसून ज्वारीचे दाणे मोजायची. दहा बैठकांना एक दाणा. शंभर दाणे झाले की तिला उठायची परवानगी मिळे. गव्हाच्या पिठाला किती तेल लागतं हे तिला सासरी येईपर्यंत माहीत नव्हतं, पण मांडीला भर कशानं येते आणि पोटरीला कशानं, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं.

तालमीत दर पुनवेला दोऱ्यानं माप घ्यायची पद्धत होती. दंड, छाती, मांडी, पोटरी अशी चार मापं. दोरा गुंडाळायचा, जुळेल तिथं गाठ मारायची. पुढच्या महिन्याची गाठ मागच्या गाठीच्या पुढं गेली तर आश्रुबा दोरा सगळ्यांना दाखवायचा. मागं गेली तर गिळून टाकीन म्हणायचा. एकदा त्यानं खरोखर गिळला होता.

साखरानं चुलीशेजारच्या खुंटीवर असाच एक दोरा टांगला. छाती आणि दंड तिला नको होते आणि मांडीला तोडे घालत नाहीत. राहिली पोटरी. तिनं पोटरीचं माप घेतलं, गाठ मारली आणि कामाला लागली.

दुपारचं जेवण झालं की सासरे आणि मोहनराव रानात जात. तुळजाबाई घटकाभर आडव्या होत. सुंदरराव गेवराईच्या तहसिलीत कारकून होता; तो फक्त शुक्रवारच्या सुटीला घरी यायचा. त्या घटकेत साखरा गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, कडब्याच्या आडोशाला जाऊन, कासोटा घट्ट करून बैठका काढू लागली. पहिल्या दिवशी वीस काढल्या. दुसऱ्या दिवशी तिला पाटावर बसता येईना आणि बसल्यावर उठता येईना. तुळजाबाईंनी विचारलं तेव्हा तिनं माळवदाच्या जिन्यावर पाय मुरगळला असं सांगितलं. कुठला पाय, असं त्यांनी विचारल्यावर तिच्या तोंडून खरं निघून गेलं. दोन्ही, ती म्हणाली.

आश्रुबाची एक शिकवण होती की रोज तेवढंच वजन उचलणारा माणूस हमाल होतो, पैलवान होत नाही. म्हणून महिन्याभरानं साखरानं एका पोत्यात दोन शेर ज्वारी घातली, ते खांद्यावर आडवं टाकलं आणि त्यासकट बैठका सुरू केल्या. दर बाजाराच्या दिवशी ती कणगीतून आणखी एक शेर आणून पोत्यात टाकायची. बैठकांनंतर चवड्यांवर उठायचं, शंभर वेळा. आणि सगळ्यांत शेवटी तालमीतली ती हास्यास्पद चाल: चवडे वर उचलून, नुसत्या टाचांवर, खांद्यावर ओझं घेऊन गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. आश्रुबा म्हणायचा की नडगी मजबूत झाली की कुणाच्या बापाला पट काढता, म्हणजे पाय धरून पाडता, येत नाही. साखराचा पट काढायला कुणी येणार नव्हतं. तरी तिनं तो प्रकार सोडला नाही, कारण भावाची तालीम तिला अर्धी करता येत नव्हती. बैल तेवढे तिच्याकडं बघायचे, आणि तेही रवंथ थांबवून.

ज्येष्ठाच्या पुनवेला गाठ होती तिथंच राहिली. आषाढातही. श्रावणात तिनं दोरा जरा सैल धरून पाहिला, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा नीट धरला. एकदा तिनं श्वास कोंडून पोटरी फुगते का ते पाहिलं. पोटरी श्वासानं फुगत नाही, एवढं ज्ञान त्या महिन्यात पदरात पडलं.

दुसरं काही होत होतं, पण ते तिच्या हिशेबात नव्हतं. भरलेली तांब्याची घागर आधी दुसरीनं हात लावल्याशिवाय तिच्या कमरेवर चढत नसे. श्रावणात ती एकटीच उचलू लागली. उघडिपीत साठवणीची तूर वाळत घालायला माळवदावर सहा खेपा केल्या तरी दम लागेना. पोत्यात बारा शेर ज्वारी होती आणि ती घेऊन ती साठ बैठका काढत होती. दोऱ्यावर यातलं काही दिसत नव्हतं, म्हणून साखराच्या मते काहीच झालेलं नव्हतं.

भूक मात्र वाढली होती. एका भाकरीच्या जागी तीन. तुळजाबाईंनी चार दिवस ते पाहिलं, पाचव्या दिवशी ताटात तूप जास्त वाढलं आणि सहाव्या दिवशी मायेनं विचारलं की काही आंबट खावंसं वाटतंय का. साखरानं नाही म्हटलं. उलट्या होतात का? नाही. मग तुळजाबाईंनी सरळ विचारलं आणि साखराला सरळ नाही म्हणावं लागलं. तूप पुन्हा पहिल्याइतकं झालं. सासूचा तेवढा आनंद आपण बैठकांपायी वाया घालवला, याचं साखराला मनापासून वाईट वाटलं. पण तिसरी भाकरी तिनं खाल्ली.

भादव्यात तिला बायनाबाईनं पकडलं. बायना लेंडीखताचं सांगायला आली होती आणि कुणी दिसेना म्हणून गोठ्याकडं वळली. साखरा खांद्यावर पोतं घेऊन खाली बसलेली होती, तिथूनच दोघींची नजरानजर झाली. उठायला अजून अर्धी बैठक बाकी होती. साखरानं ती पुरी केली.

"वैनी, पोतं घेऊन उठबशा कावून काढायलात?" बायनानं विचारलं. "सासूनं शिक्षा केली का?"

"शिक्षा न्हाई. पाय जाड करायलेय."

"माझ्या बोलण्यामुळं?"

"तुमी म्हणलात, पाय हाय का जागेवर बघा. मी बघितलं. न्हवता."

बायना हसता हसता कडब्यावरच बसली. मग तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन आपले पाय दाखवले. रोज तीन-चार कोस माळावर शेळ्यांमागं जायचं, डोंगर चढायचा, उतरायचा. आणि पाय असे की दावणीच्या खुंट्या बऱ्या. चालून पाय जाड होत असते तर माझ्या पायांवर लोकांनी माळवद टाकलं असतं, असं तिचं म्हणणं होतं. साखरानं तिला समजावून सांगितलं की चालणं वेगळं आणि ओझं घेऊन उठणं वेगळं. चालण्यानं पाय चिवट होतो, ओझ्यानं भरतो. अगदी आश्रुबाच्या आवाजात सांगितलं, दहा बैठकांना एक दाणा मोजायचा हिशेबही सांगितला. बायनानं ते ऐकून घेतलं आणि चार महिन्यांत किती भरला असं विचारलं. साखरानं पोतं उतरवून ठेवलं.

"आन भरलेच तर?" बायना म्हणाली. "पैलवानावानी मुसळं झाली तर? तुमचे पाटील म्हणतील, बायको आणली का कुस्तीचा जोडीदार आणला."

तीच भीती साखरालाही होती, पण तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. आश्रुबाच्या मांड्या एकमेकींना घासत, त्यामुळे तो दाराच्या रुंदीनं चालायचा. आपण तशा चालत देवळात निघालोय, असं स्वप्न तिला दोनदा पडलं होतं. पण तिच्यापुढं दोन वाटा होत्या: मुसळासारखे पाय घेऊन पुढं चालायचं, किंवा तुराट्या घेऊन जन्मभर मागं. तिनं मुसळं पसंत केली.

मुसळं काही झाली नाहीत. दिवाळीला गाठ पहिल्यांदा हलली, तीही जवाच्या दाण्याइतकी. मग दर महिन्याला थोडी थोडी. दत्तजयंतीला एक बोट भरलं. शिमग्याला पोत्यात तीस शेर ज्वारी होती, त्याहून जास्त खांद्यावर ठरेना, आणि दोऱ्यावर दीड बोट. पुढं दोरा थांबला, तो थांबलाच. पाय हाताला घट्ट लागत होते, पण जाड म्हणावेत असे नव्हते. आश्रुबाला ज्या कामानं झाडाचे बुंधे मिळाले, त्याच कामानं तिला दीड बोट मिळालं होतं. तिला आधी वाटलं आपली मेहनत खोटी आहे. मग तिनं ज्वारी पुन्हा मापून पाहिली. तीस शेर बरोबर भरली. बाईच्या पायाला पैलवान होण्याची हौस नसावी, असं ती पुढं सांगायची. त्याला पाय म्हणूनच राहायचं असतं.

दीड बोटानं पाय दिसतो कसा, हे मात्र तिला बघता येत नव्हतं. स्वतःची पोटरी मागून बघता येत नाही. सुंदररावाला विचारण्यात अर्थ नव्हता. अकरा महिन्यांत तो सव्वीस-सत्तावीस शुक्रवार घरी आला असेल आणि त्यानं एकच गोष्ट टिपली होती: हल्ली भाकऱ्या लवकर संपतात. शेवटी तिनं बायनाला गोठ्यात बोलावलं, पाठमोरी उभी राहिली आणि लुगडं वर घेतलं.

बायनानं जनावर विकत घेताना बघावं तसं वाकून, दोन्ही बाजूंनी, वेळ घेऊन बघितलं.

"शाळूवानी हाय," ती म्हणाली. "आदी नुसतं ताट व्हतं, वाळका दांडा. आता वर कणीस भरलंय. चांगलं टपोरं. खाली ताट तेच."

साखराला 'कणीस भरलंय' एवढंच ऐकू आलं. पुढचं वाक्यही बायनानं स्पष्टच म्हटलं होतं, पण साखरा तेव्हा आनंदात होती. मांडी मागून गोल झाली होती, पोटरीला कमान आली होती. बायनानं बोटानं त्या कमानीची रेघ ओढून दाखवली, गुडघ्याखालून घोट्यापर्यंत. त्या दिवशी साखरानं आणखी दहा बैठका जास्त काढल्या, नुसत्या खुशीत.

मोहनरावाचं लग्न गेवराईकडच्या एका घरातल्या छबुबाईशी ठरलं. वैशाख आला. वरात यायच्या आदल्या दिवशी सकाळी तुळजाबाईंनी पेटी उघडली आणि चिंचेनं घासून चमकवलेले तोडे साखरापुढं ठेवले. वर्षभरात पहिल्यांदाच ते तिच्या हातात येत होते. साखरा ते घेऊन माजघरात गेली, दार लोटलं, पाय पुढं केला आणि डावा तोडा घातला.

तो टाचेवरून सहज आत गेला. फार सहज गेला. घोट्यावर बसला आणि तिनं पाय उचलून खाली सोडला तसा पुन्हा टाचेवरून बाहेर येऊन जमिनीवर पडला.

साखरा त्याच्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं आपल्या पायाकडं पाहिलं. वर पोटरी होती, भरलेली, घट्ट, तीस शेरांची. खाली घोटा होता. घोट्यावर कातडी होती, कातडीखाली हाड होतं आणि मध्ये भरायला काही नव्हतंच. तिनं खुंटीवरचा दोरा आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा घोट्याभोवती गुंडाळला. तोडे घोट्यात घालतात. पैलवान पोटरी मोजतात. ती वर्षभर दर पुनवेला न चुकता, दोरा सैल न धरता, प्रामाणिकपणे चुकीच्या जागी माप घेत आली होती. खाली ताट तेच, असं बायना म्हणाली होती. शेळ्या राखणाऱ्या बाईला जे एका नजरेत दिसलं, ते आपल्याला बारा पुनवांत दिसलं नाही, याचा तिनं नीट विचार केला आणि मग ती खाली बसून, तोंडात पदर कोंबून हसली. हसून झाल्यावर थोडी रडलीही. मग तोडे उचलून बाहेर आली, कारण स्वयंपाक खोळंबला होता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी छबुबाईची गाडी वेशीवर आली. साखराला घोडीवर चढवलं, मांडीवर घागर दिली. दोन्ही हात घागरीला गुंतले. दोन्ही पाय एका बाजूला लोंबत होते, आणि घोडी हलायच्या आधीच डावा तोडा टाचेकडं सरकू लागला.

साखरानं चवडा वर उचलला. त्यात काही युक्ती नव्हती. घसरतं भांडं सावरावं तसं ते आपोआप झालं. पाय काटकोनात वळला, टाच बाहेर आली आणि तोडा तिच्यावर अडकून थांबला. तिनं उजवा चवडाही वर घेतला. गोठ्यात टाचांवर चालताना ती जसे पाय धरायची, अगदी तसे धरले. नडगीवरून एक दोरी ताणल्यासारखी झाली. ही दोरी ओळखीची होती. वेशीपासून घरापर्यंत बावीस घरं होती. घोडी निघाली.

साखरा मोजू लागली. मोजण्यावाचून तिला दुसरं काही येत नव्हतं. प्रत्येक घरापुढं घोडी थांबायची, बाई बाहेर यायची, पायांवर पाणी घालायची, कुंकू लावायची आणि नाव घ्यायचा आग्रह व्हायचा. ओल्या पायावर चांदी आणखी निसटती होत होती. पाचव्या घराला नडगी तापली. नवव्याला ती जळू लागली. मारुतीच्या पाराजवळ, जिथं मागच्या वर्षी तोडा पडला होता, तिथं गर्दी मुद्दाम जमली होती. काही बायका तर तिच्या तोंडाकडं न बघता पायांकडंच बघत होत्या. त्यांत बायनाही होती. तिच्या शेळ्या तिनं कुणाकडं सोपवल्या होत्या कोण जाणे. ती घोडीबरोबर चालू लागली, तोड्यांच्या अगदी खाली, पदराची झोळी धरून. पडलाच तर जमिनीला लागू द्यायचा नाही, असा तिचा बेत दिसत होता.

"तोंड हसरं ठेवा," ती खालून पुटपुटली. "दुखणं तोंडावर दिसायलंय."

साखरा हसली. सतराव्या घराला एका म्हातारीनं पाय धुवायला घेतले आणि लांब बोटांचं कौतुक करत तळव्यावरून हात फिरवला. साखराला गुदगुल्या झाल्या. चवडा एक क्षण सैल पडला आणि उजवा तोडा टाचेच्या कडेपर्यंत आला. तिनं दात आवळून पाय असा काही वर ओढला की म्हातारीच्या हातातला तांब्या उडाला. बाई घाबरली, नव्या पिढीच्या सुना तेजाच्या असतात असं कुणीतरी म्हणालं. एकविसाव्या घरापर्यंत साखराला आपले पाय आपले वाटेनासे झाले होते. दाणे मोजताना आश्रुबा शेवटच्या दहा बैठकांना मोठ्यानं शिव्या द्यायचा. त्या का, हे तिला आत्ता कळलं. तिनं त्या शिव्या मनात, ओळीनं, सगळ्या दिल्या.

बाविसावं घर त्यांचं होतं. तिला उतरवलं. तोडे पायात होते.

अडचण पुढं आली. चवडे खाली येईनात. दोन्ही पायांत गोळे येऊन ते वरच राहिले होते. सगळा गाव बघत होता आणि उंबरा दहा पावलांवर होता. साखरा ती दहा पावलं टाचांवर चालली, बदकासारखी डुलत, मांडीवरची घागर आता कमरेवर घेऊन. घागरीतलं पाणी सांडलं नाही. पाटलांच्या घरची ही काही जुनी चाल असावी असं समजून दोन पोक्त बायका तिच्या मागून तशाच चालत आत गेल्या.

माजघरात तुळजाबाईंनी दार लावून घेतलं आणि साखराला पाटावर बसवलं. वर उभे राहिलेले अंगठे पाहून त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि तेल चोळायला लागल्या. हात घोट्यावरून वर गेला आणि पोटरीवर थांबला. त्यांनी दाबून पाहिलं. दुसरी पोटरी दाबून पाहिली.

"हे काय गं?"

साखरानं सगळं सांगितलं. पोतं, तीस शेर, दोरा, पुनवा, तीन भाकऱ्या. काही लपवलं नाही, कारण लपवायला अंगात बळ उरलं नव्हतं. तुळजाबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा बदलत नव्हता, फक्त चोळणारा हात हळू होत गेला.

"आन चिंधी?" त्यांनी विचारलं.

"कसली चिंधी?"

तुळजाबाई उठल्या. पेटीतून त्यांनी जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या काढल्या, मऊ, नीट घडी घातलेल्या, तोड्यांच्या गोलाईनं वाकड्या झालेल्या. त्यांनी त्या साखराच्या मांडीवर ठेवल्या.

"तोड्याच्या आतून गुंडाळायच्या," त्या म्हणाल्या. "तीस वरसं मी गुंडाळल्या. माझ्या सासूनं बी. हे तोडे कुणाच्याच पायाचे न्हाईत. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"कोण सांगणार, आत्याबाई? घरात वडील आन आश्रुदादा."

तुळजाबाई परत पाटाजवळ बसल्या. त्यांना वर्षभर वाटत होतं की पोरीनं गर्वानं चिंधी घातली नाही, माहेरच्या पैलवानकीचा ताठा आहे. मुलीला हे आईनं सांगायचं असतं, सासूनं सांगणं म्हणजे तिच्या आईला नावं ठेवणं. म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. आई नसलेल्या मुलीला कोण सांगतं, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. त्यांनी पुन्हा पाय मांडीवर घेतला.

"तीस शेर?" त्यांनी विचारलं.

"तीस."

"आन ही चिंधी बघ. फुंकली तर उडल." एवढं म्हणून त्या हसल्या. साखरानं त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतर दोघींना थांबता येईना, आणि बाहेर छबुबाईला वाटलं की आत आपल्यावरच हसतायत.

चिंधी आपल्याला का सुचली नाही, हे साखराला पुढं पंचवीस वर्षांत कुणाला समजावून सांगता आलं नाही. तालमीत वाढलेल्या माणसाला कुठल्याही दुखण्यावर बैठकाच सुचतात, एवढंच ती म्हणायची.

चार दिवसांनी, पाय नीट चालायला लागल्यावर, ती दुपारी गोठ्यात गेली. ज्वारी कणगीत परत टाकायची होती. तिनं पोतं उचलून खांद्यावर घेतलं आणि कणगीकडं निघायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली. मग खाली बसली आणि उठली. विसावर आली तेव्हा दारात बायना उभी होती.

"आता कावून?" तिनं विचारलं. "तोडे मिळाले. चिंधी मिळाली."

साखरा एकविसावी काढून उभी राहिली. "बंद केलं तर परत तुराट्या व्हतील," ती म्हणाली. "मग तुमी पुन्हा माझं काही तरी रस्त्यावरून उचलून आणाल."

बायना कडब्यावर बसली. तिनं जवळचे चार ज्वारीचे दाणे वेचले आणि मोजायला कुठून सुरुवात करायची ते विचारलं.